शनिवारी न येणारे मास्तर

मास्तर, परवा शुक्रवारी तुम्हाला माती दिली आणि आज रविवारी दुपारी मी आपली पेटी पुढ्यात घेऊन बसले आहे. वाजवायला नव्हे. भात्याजवळची ती पट्टी सैल झाली होती, आणि तुम्ही महिनाभर "बघतो, बघतो" म्हणत होतात, ती बघायला. खाडीकडच्या शाळेतून काल मी पेटी घरी घेऊन आले. खाऱ्या हवेनं आतले सूर गंजतात म्हणून दर पंधरा दिवसांनी तुम्ही ती उघडून पुसायचात. मला ते काम येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी स्क्रू काढले, आत डोकावले, काही कळलं नाही, म्हणून परत लावले. एक स्क्रू उरला आहे.

तुम्ही असतात तर हसला असतात. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. माझी फजिती झाली की तुमचा डावा खांदा थोडा हलायचा, तेवढंच. नऊ वर्षांत त्या खांद्यावरून मी तुमचं मन ओळखायला शिकले. परवा चार खांद्यांवरून तुम्हाला नेताना मला तो खांदा आठवत राहिला.

अण्णांच्या गणपतीच्या कारखान्यातली ती पहिली बैठक आठवते? पेणमधल्या चार-पाच जणांनी मंडळ काढलं होतं. खासगी क्लास ज्यांना परवडत नाही अशा शाळांतल्या मुलांना वर्गातच, एकत्र बसवून गाणं शिकवायचं, पेटी आणि मास्तर मंडळानं पुरवायचे. मला बोलावलं होतं गायला शिकवण्यासाठी, तुम्हाला पेटीसाठी. न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगेत आपण दोघं पाटावर बसलो होतो. अण्णांनी वार ठरवायला घेतले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. "शनिवारी मी नसतो," म्हणालात. अण्णा म्हणाले, "मास्तर, शनवारी तर सकालची शाला. तवाच मास्तर लोक वेल देतात." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग त्या दिवशी बाई घेतील. शनिवारी मी पेटीला हात लावत नाही. माझा बापही लावत नव्हता."

मला तेव्हा वाटलं, हे नाकानं कांदे सोलणारे गृहस्थ दिसतात. तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, रोह्यात उरलेल्या दोन-तीन घरांपैकी एक, आणि शनिवार तुमचा कामं बंद ठेवून प्रार्थनेचा वार, हे मला घरी जाताना अण्णांनी सांगितलं. तुमचा भाऊ गेला, मुलगी गेली, गल्लीतली सगळी कुटुंबं सामानसुमान विकून इस्रायलला गेली. तुम्ही राहिलात. मुलगी पत्रात फोटो पाठवायची, मागे लिहायची, बाबा, या. तुम्ही ती पत्रं पेटीच्या खणात ठेवायचात. मी एकदा विचारलं, का जात नाही? तुम्ही म्हणालात, "तिथं मला मास्तर कोण म्हणणार?" पुढे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, की तेवढंच कारण आहे का. विचारलं नाही. दुसरं कारण असतं आणि त्यात मी नसते, तर काय करायचं होतं? आणि असते, तर काय करायचं होतं? मी विधवा बाई, तुम्ही विधुर मास्तर, आणि पेण गाव लहान.

म्हणून आपण फक्त गाण्याबद्दल भांडलो.

तुमची एक रीत होती. वर्गात गेलं की तुम्ही पेटीवर हात ठेवायचात, पण सूर द्यायचा नाही. आधी सगळ्या मुलांवरून नजर फिरवायचात आणि त्या दिवशी जे सगळ्यात गप्प असेल त्याला म्हणायचात, "तू दे." ते मूल लाजत, अडखळत काहीतरी "आ" काढायचं. तुम्ही पट्ट्यांवरून बोट वर-खाली फिरवत तो आवाज पेटीत शोधायचात, आणि सापडला की म्हणायचात, "हा आज वर्गाचा सा." मग तिसांच्या तिसांनी त्या सुरात गायचं. माझा जीव जायचा. कधी इतकं खाली की माझ्या तोंडून नुसती हवा यायची. मी म्हणायचे, मास्तर, हे उलटं आहे. चांगल्या गळ्याला धरून बाकीच्यांनी वर यायचं असतं. तुम्ही म्हणायचात, "वर नंतर जाऊ. आधी सगळे निघू तर द्या." यावर माझ्याकडे उत्तर असायचं, पण तोवर मुलं गायला लागलेली असायची.

खाडीकडच्या शाळेतली मंदा तुम्हाला फार आवडायची. मिठागरात कामाला जाणाऱ्यांची पोर, सातवीतली, अंगानं काटकुळी आणि आवाज मात्र घोगरा, जाड. पहिल्या दिवशी तिनं "आ" केलं तेव्हा वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही पेटीवर तिचा सूर शोधलात, पांढरी चार निघाली, आणि म्हणालात, "अगो, हा तर विहिरीतला आवाज. उन्हाळ्यातपण आटायचा नाय." तेव्हापासून ती दर वेळी पुढच्या रांगेत बसायला लागली. त्या वर्गाचा सा मग बहुतेक वेळा पांढरी चारच असायचा.

आता ते सांगते, जे तुम्हाला अर्धंच माहीत होतं.

दिवाळीनंतर अण्णा माझ्या घरी आले होते. चहा घेताना म्हणाले, "बाई, मंडलातले लोक विचारतात, इतकी वर्षा झाली, दाखवाय काय हाय? अलिबागला समूहगीताची स्पर्धा हाय. एक कप आना. नायतर पुढल्या साली खाडीकडची शाला सोडावी लागंल." तुम्हाला हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, सोडू दे, आपण तसेच जाऊ. आणि तुम्ही खरंच गेला असतात. मी गेले नसते. मला तेवढं मोठं मन नाही, आणि माझं घरही त्या मानधनावर टेकलेलं आहे.

स्पर्धेचा नियम होता, किमान वीस मुलं हवीत. त्या वर्गात मुलं बावीस. त्यातली पंधरा बरी गायची. बाकी सात तुमच्या रीतीनं आनंदात होती, पण परीक्षकांपुढे उभं करण्यासारखी नव्हती. कमी करावीत तर वीस भरत नाहीत. मग सलग पाच शनिवार, तुम्ही नसताना, मी वर्ग घेतला. मीठ आणि भात यांवर मुलांनीच जुळवलेलं ते गाणं, तुम्ही चाल लावलेलं, मी काळी पाचमध्ये बसवलं. वरचा सूर म्हणजे परीक्षकांना तजेलदार वाटतो. आणि त्या सातांना सांगितलं, तुम्ही गायचं नाही, नुसती तोंडं हलवायची. हसतमुख राहायचं आणि तोंडं हलवायची.

मंदा म्हणाली होती, "बाई, मास्तर म्हनतात मी सूर द्यायचा."

मी म्हटलं, "मास्तर शनिवारी नसतात."

हे वाक्य मी बोलले आहे, मास्तर. तुमच्या शनिवारचा मी असा उपयोग केला. सोमवारी-बुधवारी तुमच्यापुढे तुमच्या रीतीनं, आणि शनिवारी माझ्या रीतीनं. मुलांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण बाईंनी सांगितलंय म्हणजे तसंच असणार, असं त्यांना वाटलं.

स्पर्धाही शनिवारीच होती. आपल्याला कप मिळाला. येताना टेम्पोत मुलं नाचत होती, अण्णा वडखळला उतरून सगळ्यांना भजी खाऊ घालत होते. मंदानं भजी हातात धरली, खाल्ली नाही. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

सोमवारी तुम्ही वर्गात आलात. कप टेबलावर होता. तुम्ही कौतुक केलंत, अगदी मनापासून, तो खांदाही हलला. मग पेटीवर हात ठेवलात, मुलांवरून नजर फिरवलीत आणि मंदाला म्हणालात, "तू दे." तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. तुम्हाला वाटलं घसा बसलाय. म्हणालात, "पुन्हा दे." पुन्हा ओठ हलले. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तुम्हाला विचारलं, "मास्तर, आज गायाचा हाय का नुसता तोंड हालवायचा?"

  पेटीचा भाता बंद केलात आणि उरलेला तास त्यांना पेटी आतून कशी असते ते दाखवलंत.

शाळेजवळच्या गडबच्या थांब्यावर आपली एक सवय होती. माझी एसटी पेणकडे, तुमची रोह्याकडे, म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना. पण तुम्ही माझ्या बाजूला येऊन उभे राहायचात आणि तुमची गाडी दिसली की रस्ता ओलांडायचात. पुष्कळदा एखादी गाडी सोडूनही द्यायचात, भांडण अर्धवट राहिलं म्हणून. त्या सोमवारी तुम्ही दोन गाड्या सोडल्यात.

मला वाटलं होतं, ओरडाल. तुम्ही वेगळंच सांगायला लागलात. म्हणालात, "बाई, आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा जमले नाहीत तर काही ओळी म्हणायच्याच नसतात. बाकीची प्रार्थना एकट्यानं करा, पण त्या ओळी नाही. रोह्यात दहा जमणं थांबलं त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. दर शनिवारी मी घरी पुस्तक उघडतो, त्या ओळी आल्या की गप्प बसतो, पान उलटतो. पाठ आहेत मला. पण म्हणत नाही." समोरून तुमची एक गाडी आली, ती जाऊ दिलीत. "पाठ असलेलं न म्हणता बसणं कसं असतं ते मला माहीत आहे. बारा वर्षांच्या पोरीला कशाला शिकवलंत?"

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ. मी म्हटलं, "आणि कप नसता तर हा वर्गच बंद झाला असता. मग कुठली ओळ म्हटली असतीत? तुम्ही शनिवारी घरात पवित्र बसता आणि निस्तरायचं मी." तुम्ही म्हणालात, "त्या वर्गाचा सा पांढरी चार आहे, बाई. काळी पाच तुमची आहे." आणि रस्ता ओलांडून गेलात.

बुधवारी आपण कामापुरतं बोललो. पेटीची पट्टी बघायची आहे, खडू संपलाय, असलं. मंदा आलीच नव्हती. थांब्यावर तुम्ही पहिल्यांदाच सरळ पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिलात. मधून ट्रक जात होते. तुमची एसटी आली, तुम्ही चढलात, आणि दारातून मान बाहेर काढून म्हणालात, "सोमवारी बोलू." कंडक्टरनं डबल बेल दिली. मी मान हलवली, ती तुम्ही पाहिलीत की नाही कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही चूळ भरताना कोसळलात, आणि शुक्रवारी सकाळी तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा मला फोन आला, मास्तर गेले.

रोह्याला पोचले तेव्हा भावाबरोबर न जाता ठाण्याला राहिलेला तुमचा पुतण्या आलेला होता. तो फोनवर फोन करत होता. मुलगी इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं, कारण तुमच्यात सूर्य मावळला की शनिवार लागतो, आणि शनिवारी माती देत नाहीत. रोह्यातल्या बाकीच्या घरांत आता बायकाच उरलेल्या. तुमच्यातले पेणहून तिघं आले, अलिबागकडून दोघं, ठाण्या-मुंबईहून चौघं, पुतण्या धरून. दुपारी चार वाजता कबरस्तानात मोजले तर नऊ. माती देता आली असती, पण ती शेवटची प्रार्थना, दहा जणांची, ती राहिली असती. मी कुंपणाशी उभी होते. तुमच्या त्या ओळी तुमच्यावरही म्हणता येणार नाहीत, असं मनात आलं. मी तिथेच दगडावर बसले.

माझ्या मागोमाग पेणहून आलेले अण्णा माझ्याशेजारी आले. आजूबाजूला सुकं गवत होतं, ते उपटत बसले. म्हणाले, "बाई, मास्तरांचे नावानं एक कप ठेवू या का स्पर्धेत? मंडल देईल." तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सात मुलं, पाच शनिवार, काळी पाच. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आपला कप खोटा?" मी म्हटलं, एक तृतीयांश तरी. त्यांनी गवताची आणखी एक काडी उपटली. मग म्हणाले, "गनपतीची पाठ कोन बगत नाय, बाई. आता सगले पाठ तशीच ठेवतात. मी पन ठेवतो. पन आमचा बा पाठपन रंगवायचा. मी इचारला, कशाला? तर म्हनायचा, देव पाठमोरा पन देवच हाय ना." हातातलं गवत टाकून ते म्हणाले, "कप नको ठेवू या. शाला नाय सोडनार. मी बोलतो मंडलात." एवढं सोपं होतं ते, मास्तर. दिवाळीनंतर चहा पिताना, या वर्गातून खरा कप येणार नाही, एवढं मी सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पावणेसहाला दहावा माणूस आला. पनवेलचे एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांची एसटी वडखळला गर्दीत अडकली, तर ते उतरले, गाड्यांच्या रांगेच्या कडेनं काठी टेकत पुढे चालत आले आणि दुधाच्या टेम्पोत बसून रोह्यापर्यंत पोचले. पुतण्यानं त्यांचे हात धरले, विचारलं, काकांना तुम्ही कुठून ओळखता? आजोबा म्हणाले, "मी नाय ओळखत. फोन आला, नऊच हायत म्हणून. मग निघालो."

प्रार्थना सुरू झाली. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज कळतात. पुतण्याचा गळा रडून बसलेला. अलिबागचे दोघं पुढे-मागे होत होते. आणि आजोबा तर दम्यानं नुसतेच घरघरत होते, अर्धे शब्द गिळत होते. सूर कुणाचाच कुणाला लागत नव्हता. पण कुणी त्यांना सांगितलं नाही की तुम्ही नुसते ओठ हलवा, दहा भरले म्हणजे झालं. उलट त्यांना धाप लागली की बाकीचे नऊ थांबायचे. ते पुढे निघाले की निघायचे. मी तिथे उभी राहून लाजले, मास्तर. कबरस्तानात लोक रडतात, मी रडलेही आणि लाजलेही.

काल शनिवार होता. सकाळची शाळा. मला जावंसं वाटत नव्हतं, पण न जाऊन करणार काय होते घरी? मंदा आली होती. मागच्या रांगेत बसली होती. मास्तर गेल्याचं मुलांना कळलेलं होतं. मी पेटी उघडली, हात ठेवला, सूर दिला नाही. म्हटलं, "मंदा, तू दे."

तिचे ओठ हलले.

मी म्हटलं, "मी तुला गायचं नाही म्हणाले होते, ते चुकीचं होतं. मास्तरांनी मला तसं सांगितलं आणि मी त्यांच्याशी भांडले. आता सूर तू देशील तेव्हाच वर्ग सुरू होईल. आम्ही थांबतो." आणि थांबलो. एकवीस पोरं आणि मी. कुणी हसलं नाही, कुणी खुसपुस केली नाही. बाहेर शिपाई विहिरीवर पाणी शेंदत होता, त्या रहाटाचा आवाज येत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मधली एक पोरगी हळूच म्हणाली, "दे ना गो." बेल व्हायला थोडाच वेळ राहिला असेल तेव्हा मागून तो घोगरा आवाज आला. अगदी बारीक, पण आला. मी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मला तुमच्यासारखं पटकन सापडत नाही. दोनदा चुकले. मग सापडला.

पांढरी चार.

मी म्हटलं, "हा आज वर्गाचा सा," आणि बावीसजण गायले. मी फार खाली जाऊ शकत नाही, माझ्या तोंडून निम्मी हवाच येत होती, पण मी तोंड नुसतं हलवलं नाही. बेल झाली तरी गात होतो. नंतर मंदानं पेटीवर कापड घातलं, तुम्ही घालायचात तसं दोन्ही टोकं आत खोचून, आणि विचारलं, "मास्तर रागावले व्हते का माज्यावर?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही गो. 

गडबच्या थांब्यावर मी एकटीच उभी होते. शनिवारी मी एकटीच असते, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. खरंच सांगते, कालचा दिवस मी त्यावर काढला. मास्तर शनिवारी येतच नाहीत, घरी पुस्तक घेऊन बसले असतील, असं मनाशी म्हणत घरी आले, भात टाकला, जेवले, झोपलेसुद्धा.

उरलेला स्क्रू मी तुमच्या पेटीच्या खणात ठेवला आहे, पत्रांशेजारी. पत्रं पुतण्याकडे देईन, त्याआधी एकही उघडणार नाही. पट्टी सैल आहे ती तशीच राहू दे. ती वाजताना फटफट आवाज करते, मुलांना सांगीन, मास्तर बघणार होते.

उद्या सोमवार आहे.